लाल तेल कुठून गळून राहिलं

आमचे भाऊजी, म्हणजे माह्या मोठ्या बहिणीचा, सुभद्राचा नवरा. रुपराव नाव. लकडगंजात त्यायचं स्टेरिंगचं दुकान होतं. गाडी वळवायले जड जाते, वळताना कण्हते, नाहीतर सरळ रस्त्यावर उगाच एका अंगाले पळते, असं काही झालं का लोकं त्यायच्याकडं येत. पौषात गेले. दुपारी वरण-भात जेवले, ढेकर दिला, म्हणाले सुभद्रे मी जरा पडतो, अन् पडले ते पडलेच. भूमिका, त्यायची पोरगी, मले म्हणे मावशी तू बाबाबद्दल लिही, मी सगळ्या घरच्यायले पाठवते. म्हटलं मी सातवीतून घरी बसली, मले कुठं लिहिता येते. तर म्हणे बोलते तशी टाइप कर. म्हणून बोलून राहिली.

पह्यले लग्नातली गोष्ट सांगते, कारण तिथूनच मले समजलं होतं का हा माणूस सरळ नाही.

मी साळी. साळीनं नवरदेवाचे जोडे लपवायचे, हे तर सगळीकडंच आहे. मी जोडे उचलले, मांडवाच्या मांगून नेले, आचाऱ्याच्या पाठीमागून काढले अन् घरातल्या गव्हाच्या कोठीत टाकून वरून झाकण लावलं. मनात म्हटलं आता बोंबला. पण नवरदेव काही विचारेच ना. जेवले, पान खाल्लं, मंग उठले. हाताचे बोटं असे हलवत निघाले जसं माळ जपून राहिले. मांडवाच्या मांगून गेले, आचाऱ्याच्या पाठीमागून गेले, सरळ कोठीपाशी आले अन् जोडे काढले. मी तर पाहतच राहिली. तर त्यायनं जोड्याच्या टाचेले सुताचा धागा बांधून ठेवला होता अन् कांडी कोटाच्या खिशात. कांडी म्हणजे हातमागाच्या धोट्यात घालतात ती सुताची नळी. मी जोडे घेऊन जशी पळाली तशी खिशातली कांडी उलगडत गेली.

मले म्हणाले, "साळीबाई, कोष्ट्याच्या पोराचे जोडे लपवायले आली, अन् धागाच पाह्यला नाही वं."

हातमाग त्यायच्या घरचा तवाच बंद पडत आला होता. भाऊजी एका ग्यारेजात लागले अन् स्टेरिंगचंच काम शिकले. पावर स्टेरिंग म्हणजे काय, तर गाडीतच एक मदतनीस बसवलेला असते. आपण बोटभर वळवलं का तो हातभर जोर लावते. जुन्या गाड्यायले तेलाचा पंप असते, नवीनले मोटर. पण मदतनीस असला तरी सांधे तर सांधेच. ते घासतात, गंजतात, ढिले होतात. अन् मदतनीस जोर लावून राहिला म्हणून डायवरले पता लागत नाही. पता लागते तवा लय उशीर झालेला असते.

भाऊजी गाडीत बसत, डोळे मिटत, तळहात स्टेरिंगवर ठेवत अन् हळूच इकडून तिकडं फिरवत. मंग सांगत, पंप बरोबर आहे, खालचा सांधा घासला. का पट्टा ढिला आहे. का रॅकमध्ये, म्हणजे चाकं वळवणाऱ्या दातेरी दांड्यात, इथं, या जागी खड्डा पडला. त्यायची आई ताण्यावर हात फिरवून सांगे का कोणता धागा ढिला आहे, तसंच. मशीन लावून पाहणारे दुकानंही आहेत, तेही बरोबरच सांगतात. भाऊजी कित्येकायले तिकडं पाठवत. पण लोकं म्हणत, पह्यले रुपरावचा हात लागू द्या.

माही फॉल-पिकोची मशीन त्यायच्या दुकानाच्या समोरच. मधात रस्ता. म्हणून मी जे सांगून राहिली ते डोळ्यानं पाह्यलेलं सांगून राहिली.

आता जे आमाले मांगून समजलं ते तुमाले आताच सांगून टाकते, म्हणजे तुमी अडकणार नाही. भाऊजीले शुगर होती. अन् शुगरनं त्यायच्या बोटायची जाणीव चालली होती. डॉक्टरनं सुभद्राले सांगून ठेवलं होतं, बोटं सुन्न पडले तर सांभाळा, लागलेलं समजणार नाही. सुभद्रानं त्याच दिवशी हुकूम काढला. "बोटं सुन्न झाले का दुकान बंद. वैभवपाशी अमरावतीले जाऊन बसायचं." वैभव त्यायचा मोठा पोरगा.

भाऊजीले अमरावतीची भीती नव्हती, बसायची होती. वैभवच्या घरी बाल्कनी आहे, तिथं एक झुला आहे, अन् सारे त्यायले सांगत, किती मस्त झुला आहे बाबा, बसा ना. एकदा आठ दिवस जाऊन आले तर मले म्हणे, "कामिनी, तो झुला माह्याकडं असा पाहत होता जसा न्हावी पाहते."

म्हणून सुभद्रानं विचारलं का, "काहो, बोटं कसे आहेत?" तर हे म्हणत, "ठणठणीत. तुले चिमटा घेऊन दाखवू का?"

पण खोटं किती दिवस चालते. एक दिवस एका वकिलाची गाडी आली. भाऊजीनं हात ठेवला, डोळे मिटले अन् म्हणाले पंप गेला. पंप बदलला. स्टेरिंग तसंच जड. वकील वापस आला. मंग पाह्यलं तर पंपाले काहीच नव्हतं, खालचा सांधा गंजला होता. भाऊजीनं त्याचा जुना पंप जसाच्या तसा बसवून दिला, सांधा बदलून दिला, चहा पाजला, माफी मागितली. वकील भला माणूस होता, काही बोलला नाही. पण भाऊजी दिवसभर दुकानात आपल्याच तळहाताकडं पाहत बसले. मले वाटलं भविष्य पाहून राहिले.

दुसऱ्या दिवशी धागा आला.

आईच्या वेळची सुताची पेटी घरी होती, त्यातल्या कांड्या घेऊन आले. गाडीचे समोरचे चाकं दोन लोखंडी पत्र्यायवर चढवायचे, पत्र्यायच्या मधात ग्रीस, म्हणजे चाक जमिनीले धरून राहत नाही. गाडी चालू ठेवायची. स्टेरिंगच्या कड्याले सुताचा धागा बांधायचा अन् खिडकीबाहेर उभं राहून हळूहळू ओढायचा. गाडी चांगली असंन तर धाग्यानं स्टेरिंग फिरते. सांधा घासत असंन तर फिरायच्या आधी धागा तुटते. मधातच कुठं अटकत असंन तर धागा ताणतो, मंग एकदम ढिला पडतो. अन् स्टेरिंग फिरलं पण चाक हाललंच नाही, तर समजायचं का झीज झाली, ढिलाई आली. त्यासाठी टायरवर खडूची रेघ. कोणत्या गाडीले किती पदरी धागा लागते ते त्यायनं ओळखीच्या धडधाकट गाड्या बोलावून बोलावून पक्कं केलं होतं. बोटायले समजत नव्हतं ते आता डोळ्यायले दिसत होतं. मले हे सारं नाटक वाटे. म्हटलं म्हातारपणी माणसाले शौक येतात.

पांढरा धागा ग्रीसच्या हातानं काळा पडे अन् दिसत नसे, म्हणून भाऊजी तो हळदीत बुडवत. तिथंच घोळ झाला.

पिवळा धागा गाडीले बांधला म्हटल्यावर आपल्या लोकायले काय वाटणार. टेम्पोवाल्यायनं तो धागा सोडायलेच मनाई केली. कोणी त्याच्यात लिंबू अडकवला. एक जण उपवास करून आला. सकाळी सकाळी येऊन म्हणत, "भाऊ, धागा बांधून द्या, रिपेरिंगचं मंग पाहू." इतवारीतले व्यापारी माल भरायच्या आधी डायवरले विचारत, "रुपरावचा धागा टिकला का?" ज्याच्या गाडीचा धागा तुटला त्याच्याकडं लोकं असे पाहत जसं त्याच्या घरात मांजर आडवं गेलं.

भाऊजी कपाळाले हात लावत. "मी म्हणतो गाडी खराब आहे म्हणून धागा तुटला. हे म्हणतात धागा तुटला म्हणून गाडी खराब झाली. आता यायले कोणता धागा बांधू?"

नत्थू टेम्पोवाला यायच्यातलाच. लकडगंजातल्या गोदामातून इतवारीच्या भांडे ओळीत भांडे पोहोचवे. गंज, पराती, कढया. त्याच्या टेम्पोचा धागा सगळ्यायसमोर तुटला होता. भाऊजीनं सांगितलं, खालचा सांधा पाहावा लागंन, एक दिवस गाडी ठेव. नत्थू म्हणे सीझन आहे भाऊ, आता नाही. मंग बाकीच्या डायवरायनं त्याले सळो का पळो केलं. "नत्थू, तुह्या गाडीत बसण्यापेक्षा तुह्या गंजात बसून नाग नदीनं गेलेलं बरं."

तर गेल्या वर्षीची संक्रांत होऊन गेली होती. झाडावर, तारावर, जिथं तिथं मांजा लटकून होता. तो नायलॉनचा मांजा, ज्याच्यावर बंदी आहे अन् जो सगळ्यायच्या घरी निघते. नत्थू सकाळीच टेम्पो घेऊन आला, माल भरलेला. स्टेरिंगले पिवळा धागा आधीच बांधलेला.

"भाऊ, धागा मीच बांधून आणला. तुमचा वेळ काहून खायचा."

"वा गा नत्थू. आता सत्यनारायणही घरीच करत जाय."

टेम्पो पत्र्यावर चढला. भाऊजीचा चष्मा कपाळावर होता. खिडकीबाहेर उभे राहून त्यायनं धागा बोटाले गुंडाळला अन् ओढला. स्टेरिंग जरा अडलं, मंग फिरलं. दुसऱ्या बाजूनं ओढला. फिरलं.

"पास," भाऊजी म्हणाले. त्यायलेही नवल वाटलं असंन. "बिना औषधानं बरी झाली म्हणावं तुही गाडी."

नत्थूनं खिशातल्या ब्लेडनं धागा कचकन कापला, तुकडा तिथंच पडला, अन् असा पळाला जसा पेढा चोरून पळून राहिला.

मी साडीले फॉल लावून राहिली होती. तितक्यात आवाज आला. "कामिनी, इकडं पाह्य वं. नत्थ्याच्या गाडीचं तेल गळून राहिलं."

स्टेरिंगचं तेल लालच असते. दुकानाच्या फरशीवर लाल थेंब पडले होते. भाऊजी गुडघ्यावर बसून टॉर्च मारून पाहत होते. एक थेंब पुसला, वास घेतला. सर्दीनं नाक बंद होतं. म्हणे, "गाडी गेली तिकडं थेंब नाही. माठापाशी आहेत. बाकड्यापाशी आहेत. अशी गळती मी आजवर पाह्यली नाही."

मी मशीन सोडून आली. थेंब कुठून कुठं गेले ते पाह्यलं.

"भाऊजी, उभे राहा."

"थांब ना वं, माग काढून राहिलो."

"तो माग तुमच्याच मांगं मांगं येऊन राहिला भाऊजी. हात पाहा तुमचा."

त्यायनं हात वर केला. काकडीले चिरा मारावा तसं बोट कापलं होतं. मनगटापर्यंत लाल. भाऊजी त्या बोटाकडं असे पाहत होते जसं कोणी दुसरा आपलं बोट त्यायच्यापाशी ठेवून गेला.

"हे कधी झालं?" मलेच विचारलं.

मी फॉलच्या कापडाची पट्टी फाडली अन् बोट करकचून बांधलं.  मंग भाऊजीनं फरशीवरून तो धाग्याचा तुकडा उचलून माह्या हातात दिला.

"हे काय आहे सांग."

मी बोटात धरला अन् सोडला. "मांजा आहे. नायलॉनचा. हा कुठं तुटते? कायले धरला तुमी हा?"

"मले सूत वाटलं," भाऊजी म्हणाले.

मी लहानपणापासून त्या माणसाले हसताना, हसवताना पाह्यलं. तवा त्यायच्या तोंडावर काहीच नव्हतं. पांढऱ्या भिंतीसारखं. मंग मले म्हणाले, "सुभद्राले सांगजो नको. झुल्यावर बसवंन ते मले."

"नाही सांगत," मी म्हटलं. खरंच नव्हती सांगणार.

तितक्यात त्यायनं रस्त्याकडं पाह्यलं. "नत्थ्या गेला ना वं. सांधा तसाच आहे त्याचा. भांड्यायनं भरून गेला."

मी नत्थूले फोन लावला. तो कायले उचलते, चोर. भाऊजी बाकड्यावर बसले. म्हणाले, "नीट पोहोचला तर कोणाले काहीच समजणार नाही." मंग पुन्हा म्हणाले, "नीट पोहोचला तर." अन् चप्पल पायात घालून उठले. "चाल, स्कुटी काढ."

मी पुढं, भाऊजी मांगं. लकडगंजातून इतवारी काही लांब नाही, पण त्या गल्ल्यायमध्ये हातगाड्या, टेम्पो, गाई, कापडाच्या गाठी, सगळेच आपलंच घर समजून उभे. मी घामाघूम. अन् भाऊजी मांगून काय म्हणत होते?

"कामिनी, तुह्या स्कुटीच्या हँडलचा कोन सेट घासला."

"आता नाही भाऊजी."

"हँडल मधात अटकून राहिलं, मले बसल्या बसल्या समजून राहिलं."

"हाताले तर काही समजत नाही म्हणता, हे कुठून समजून राहिलं?"

"ते विचारू नको. गाडी पाहून चालव."

भांडे ओळीच्या तोंडाशी गर्दी दिसली अन् मी स्कुटी तिथंच टाकली. नत्थूचा टेम्पो वळणावर आडवा. स्टेरिंग वळलं ते वापस आलंच नाही. नाक सरळ प्रेमलताबाईच्या भांड्याच्या दुकानासमोरच्या गंजायच्या थप्पीत. कोणाले लागलं नव्हतं, देवाची कृपा. एक मोठा गंज तेवढा पोटातून बसला होता. अन् नत्थू एक पाय वर टेकवून दोन्ही हातानं स्टेरिंग ओढत होता, जसं विहिरीतून बैल काढून राहिला. मांगं गाड्यायची लाइन लागली होती, सारे हॉर्न वाजवून राहिले होते.

प्रेमलताबाई गादीवरून उठल्याही नव्हत्या. तिथूनच म्हणाल्या, "आले का रुपराव? हा म्हणते गाडी तुमी पास केली."

नत्थू खाली पाहत म्हणाला, "भाऊनंच ओढून पाह्यलं. इचारा त्यायले."

सारे भाऊजीकडं पाहायले लागले. मांजा माह्याच ब्लाउजात खोसून होता. मी कानात म्हटलं, "दाखवते मी मांजा. नत्थ्याची कशी जिरते पाहा." भाऊजीनं मले हातानंच थांबवलं.

"पास मीच केली," ते म्हणाले.

"मंग अडकली काहून?" प्रेमलताबाई.

"धागा सुताचा नव्हता. मांजाचा होता."

मंग काय, सारे नत्थूवर तुटून पडले. कोणी म्हणे याले पोलिसात द्या, कोणी म्हणे याच गंजात बसवा. तिथंच भाऊजी गप राह्यले असते तर मामला मिटला होता. त्यायचं नाव जसंच्या तसं राह्यलं असतं. प्रेमलताबाई हसून म्हणाल्याही, "कोष्ट्याच्या पोराले मांजा अन् सूत समजत नाही असं थोडंच होईन. पाह्यलं नसंन तुमी."

भाऊजीनं बांधलेलं बोट वर केलं. "पाह्यलं नाही हे खरं. पण धरला तर होता ना बाई. धरून समजला नाही. माह्या बोटायले आता काहीच समजत नाही. हे कापलं तेही समजलं नाही. मी तेल समजून फरशी पुसत होतो."

 मांगचे हॉर्न थांबले. मंग कोणीतरी फस्सकन हसलं, अन् त्याच्या हसण्यानं भाऊजीलेच हसू आलं, अन् मंग सारेच हसले. प्रेमलताबाईनं पदर तोंडाले लावला.

नत्थू खाली उतरला. रडकुंडीले आला होता. "भाऊ, मले एक झापड मारा."

"मारून काय उपयोग गा," भाऊजी म्हणाले, "कुठं लागली ते मलेच समजणार नाही."

मंग ते टेम्पोखाली शिरले. गंजलेला सांधा हातोडीनं ठोकून, तेल सोडून, हलता केला. टेम्पो माणसाच्या चालीनं दुकानात नेला, पुढं नत्थूचे सगळे मित्र रस्ता मोकळा करत. वरातच निघाली होती म्हणा ना.

इतवारीत बोललेली गोष्ट घरी पोहोचायले वेळ लागत नाही. भाऊजी संध्याकाळी मलेही संग घेऊन गेले. म्हणे तू असली म्हणजे सुभद्रा कमी बोलंन. सुभद्रा पाटोड्याची भाजी करून राहिली होती. तिनं जेवायले वाढलं. भाऊजी घास तोंडाशी नेऊन थांबले.

"म्हण ना वं एकदाचं. दुकान बंद, अमरावती, झुला."

सुभद्रा म्हणाली, "भाजीत मीठ आहे का बरोबर?"

"आहे."

"मंग खा."

जेवण झाल्यावर तिनं पेटीतली सुताची कांडी काढली, अन् माह्या ब्लाउजातला मांजा मागून घेतला. डोळे मिटले. एका हातात सूत, एका हातात मांजा. दोन्ही बोटायमध्ये चोळून पाह्यलं. मंग म्हणाली, "मी सहा वर्षाची होती तवापासून कांड्या भरल्या. तुमच्या आईनं मले सून करायच्या आधी माहे बोटं पाह्यले होते, तोंड नाही पाह्यलं. अन् तुमी दुकानात एकटे धागे ओढून राहिले."

"तुले कोण म्हणते ये म्हणून," भाऊजी म्हणाले. 

"कोणी नाही म्हटलं. म्हणूनच बोट कापलं."

दुसऱ्या दिवसापासून सुभद्रा दुकानात. संग आपली उशी घेऊन आली, कारण दुकानातलं बाकडं टोचते. ते खिडकीपाशी उभी राहून धागा ओढे, भाऊजी चाकापाशी बसून खडूची रेघ पाहत. अन् दिवसभर यायचं चाले.

"थांबा. इथं काहीतरी लागते. भाकरीत खडा लागते तसं."

"खडा कायचा, रॅक झिजला तो."

"मी खडाच म्हणंन."

"म्हण. चाक हाललं नाही आतापर्यंत. ओढ अजून."

"ओढूनच राहिली. तुमीच हलत असंन बसल्या जागी."

गिऱ्हाईक मधात उभा, कधी याच्याकडं पाहे, कधी तिच्याकडं. पण सांगत ते बरोबर निघे. भाऊजी ऐटीत म्हणत, "शिकवलं कोणी?" तर सुभद्रा म्हणे, "माह्या सासूनं."

टेम्पोवाल्यायनं तर आता नवीनच काढलं. सवाष्णीनं ओढलेला धागा म्हणजे अजूनच शुभ. एक जण नारळ अन् ब्लाउजपीस घेऊन आला. सुभद्रानं दोन्ही ठेवून घेतले अन् म्हणाली, "आता सांधा बदल, नाहीतर नारळ तुह्या डोक्यावर फोडते."

भाऊजी त्या वर्षात जसे हसले तसे मी त्यायले कधी पाह्यले नाही. मले म्हणत, "साळीबाई, मदतनीस नवीन बसवला. आवाज करते, पण जोर चांगला आहे."

मंग पौष आला. वर सांगितलंच.

घाटावर न्यायले जी गाडी आली ना, ते गल्लीत वळली अन् कण्हली. अशी का अंगावर काटा आला. सारे माणसं एकमेकायकडं पाहायले लागले, पण अशा वेळी कोण बोलंन. अमरावतीहून आलेला वैभव रडत होता, तोही थांबला. सुभद्रा भाऊजीच्या पायाशी डोकं ठेवून होती. तिनं डोकं वर केलं. ऐकलं. गाडी पुन्हा मांगं घेतली, पुन्हा कण्हली.

"तेल कमी आहे त्याच्यात," सुभद्रा म्हणाली. "असे नाही जाऊ देणार मी त्यायले. लोकं काय म्हणतील."

नत्थू पळत दुकानात गेला अन् लाल तेलाचा डबा घेऊन आला. डायवर बिचारा चूपचाप बाजूले झाला. तेल भरलं, स्टेरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून हवा काढली. मंग गाडी वळली. काहीच आवाज नाही. इतकी चूप गेली का मले वाटलं भाऊजी आता उठून म्हणतील, पास.

तेरवी झाल्यावर वैभव म्हणाला, "आई, आता अमरावतीले चाल." सुभद्रा म्हणाली, "झुला भूमिकाच्या पोरायले ठेव." अन् दुकान उघडलं. पण चार दिवस एक गाडी थांबली नाही. कोणी तोंडावर काही म्हटलं नाही. पण मले समजत होतं, अन् सुभद्रालेही समजत होतं. नारळवाले हेच लोकं होते. बाईचं कुंकू गेलं तसा तिच्या हातचा धागाही गेला. सुभद्रा उशी घेऊन बाकड्यावर बसे अन् कांड्यायवरची धूळ पुसे.

काल सकाळी नत्थू आला. भर चौकातून हॉर्न वाजवत, साऱ्यायले दिसंन असा. टेम्पो पत्र्यावर चढवला, उतरला, सुभद्रापुढं दोन्ही हात रिकामे करून दाखवले.

"वहिनी, धागा तुमीच बांधा. मी काही आणलं नाही. खिसेही पाहा."

"गाडीले काय झालं?"

"काही नाही. तुमी पाह्यल्याशिवाय मले माल भरवत नाही."

रस्त्यापलीकडचे दोन टेम्पोवाले थांबून पाहत होते. सुभद्रानं त्यायच्याकडं पाह्यलंच नाही. धागा हळदीत बुडवला, कड्याले बांधला अन् मले हाक मारली. "कामिनी, मशीन बंद कर. खडू घे अन् चाकापाशी बस. माह्यानं दोन्हीकडं नाही पाहवत."

मी भाऊजीच्या जागी बसली. फरशी तिथं त्यायच्या बसण्यानं गुळगुळीत झाली आहे. टायरवर रेघ मारली.

"ओढून राहिली," सुभद्रा म्हणाली. "हाललं का?"

मी रेघेवर डोळे लावून बसली.

"हाललं का वं?"

"दिसून नाही राहिलं," मी म्हटलं.

"मंग डोळे पुस," सुभद्रा म्हणाली, "अन् नीट पाह्य. मी पुन्हा ओढते."